मिस्त्रींच्या दोरीवरची फडकी

मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे ते गृहस्थ सातवीपर्यंत शिकलेले होते, आणि भूगावला पौड रस्त्याच्या कडेला त्यांचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज होतं. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. मी मिस्त्रीकाका म्हणायचो. आईवडिलांचं ऋण वेगळं, त्याबद्दल लिहायला बसलो की मला शब्द सुचत नाहीत. पण नात्यातल्या नसलेल्या, खोलीच्या भाड्यापलीकडे माझ्याकडून काहीही मिळणार नसलेल्या माणसाने मला जे दिलं ते लिहिता येईल असं वाटतं, म्हणून लिहितो आहे.

दोन हजार चार साली मी बार्शीकडच्या आमच्या गावातून पुण्याला आलो. घरातला पहिला पदवीधर. हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याची नोकरी लागली. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्राम नीट चालतो की नाही ते बघायचं आणि समोर 'पास' किंवा 'नापास' लिहायचं, एवढं माझं काम. ऑफिसजवळची भाडी परवडण्यासारखी नव्हती. कुणीतरी भूगावचं नाव सुचवलं आणि मी मिस्त्रींच्या दारात ट्रंक घेऊन उभा राहिलो.

त्यांच्या घराण्याची रस्त्याकडची बरीचशी जमीन तेव्हाच बिल्डरकडे गेली होती. उरलेल्या तुकड्यावर पुढे पत्र्याचं गॅरेज, त्याच्या डोक्यावर भाड्याच्या तीन खोल्या, बाजूला त्यांचं घर आणि मागे भाताची दोन खाचरं. खोली बघायला मी जिन्याकडे निघालो तेव्हा गॅरेजच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत बांधलेली एक दोरी दिसली. दोरीवर हातरुमालाएवढी पांढरी फडकी चिमट्यांनी लावलेली. काहींवर काळे गोल डाग, काहींवर करडे, काही जवळजवळ स्वच्छ. प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेनाने गाडीचा नंबर.

"कपडे धुवायला लई पानी लागतं का हितं?" मी त्यांच्यासारखं बोलायचा प्रयत्न केला.

"तुमी तुमचं बोला, सायब," मिस्त्री म्हणाले. "ती कापडं धुवायची नसत्यात. ती वाचायची असत्यात."

गाडी दुरुस्तीला आली की मिस्त्री पहिल्यांदा बॉनेट उघडत नसत. एक पांढरं फडकं ओलं करून चालू गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडाशी धरत आणि मनातल्या मनात साठ मोजत. तो डाग म्हणजे गाडी आल्या वेळची हकिगत. काम झालं की दुसरं फडकं. दोन्ही शेजारी लावायची आणि गिऱ्हाइकाला दाखवायची. दुसरं फडकं पहिल्यापेक्षा स्वच्छ नसेल तर गाडी त्यांच्या दारातून बाहेर जात नसे. मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो. फडक्यांसाठी जुनी धोतरं संपली की मिस्त्रींचा हात काकूंच्या कपाटाकडे जाई, आणि त्यावरून त्या घरात मी जेवढी भांडणं ऐकली तेवढी दुसऱ्या कशावरूनही ऐकली नाहीत.

"माझं बारशाचं पातळ त्या जीपच्या बुडाला लावलंय ह्यांनी," काकू मला ताटात भाकरी वाढताना सांगायच्या. रविवारचं जेवण मी त्यांच्याकडेच जेवायचो. कधी ठरलं ते आठवत नाही.

मिस्त्रींची धुराबद्दलची मतं ठाम होती. आमच्या ऑफिसात धुराचे नियम म्हणजे सरकारची कटकट, असं सगळे म्हणायचे. टॅक्सीवाले तर म्हणायचेच. गॅरेजवाला माणूसही तेच म्हणेल असं मला वाटलं होतं. एकदा विचारलं तर त्यांनी मला मागच्या खाचराच्या बांधावर नेलं. रस्त्याकडच्या भाताची पात त्यांनी दोन बोटांत धरून ओढली आणि बोटं माझ्यापुढे केली. काळी.

"आंबेमोहर हाय हा. आमच्या आईच्या टायमाला भात रटरटायला लागला की वाटंवरचा मानूस थांबून वास घ्यायचा. आता वाटंचाच वास भाताला येतोय." त्यांनी बोटं पँटला पुसली. "नियम लई चांगला केलाय सरकारनं. पर नियमाला नळी घालायचा कंटाळा हाय."

नळी म्हणजे धूर तपासायच्या यंत्राची नळी. ती सायलेन्सरमध्ये घालून आकडा घ्यायचा आणि मग पीयूसीचा दाखला द्यायचा, असा कायदा. रस्त्याकडेला एक तपासणीची व्हॅन उभी असायची. तिथे बरेचदा नळी व्हॅनच्या हुकालाच लटकलेली राही आणि दाखला मात्र छापून बाहेर येई. दुसरी पद्धत त्याहून हुशारीची. दाखल्याच्या दिवशी गॅरेजवाल्याकडून कार्बोरेटरचा स्क्रू पिळून पेट्रोल कमी करून घ्यायचं, आकडा चांगला आला की परत सैल करायचा. डिझेलच्या गाड्यांना तशाच दुसऱ्या युक्त्या. याला सगळ्या रस्त्यावर 'पीयूसीपुरतं लावणं' म्हणत. मिस्त्री ते करत नसत.

यावरून त्यांचं त्यांच्या पुतण्याशीच वाजलं. पुतण्याने जमिनीच्या पैशातून चार डिझेल जीपगाड्या घेऊन हिंजवडीच्या कंपन्यांना लावल्या होत्या. एका सकाळी तो एक जीप घेऊन आला, तेव्हा मी जिन्यावर बुटांच्या नाड्या बांधत होतो.

"काका, पीयूसीपुरती लावून द्या. कंपनीचा मानूस कागद मागतोय."

"पंप खोलावा लागंल. दोन दिस ठेव."

"दोन दिस ठेवली तर पोरी कामावर काय माझ्या पाठीवर बसून जातील? निसता धूर कमी दिसाया पायजे, आजच्या दिस."

"तुज्या पोराला परीक्षेच्या दिवसापुरतं शानं करून मिळतंय का कुटं? मिळालं तर मला पत्ता दे."

"काका, तुमच्या असल्या वागन्यानं गिऱ्हाईक पळतंय बगा."

"पळू दे. धूर सोडत पळालं न्हाई म्हंजे झालं."

पुतण्या जीप घेऊन गेला. नंतर बरेच महिने तो रस्त्यावरून जाताना हॉर्नसुद्धा वाजवत नसे. मिस्त्रींना त्याचं वाईट वाटत होतं. जीप गेली की ते पान्हा हातात तसाच धरून तिच्या धुराकडे बघत राहायचे. आधी मला वाटायचं, पुतण्याकडे बघतात.

आता माझ्या गरजेकडे येतो. माझे वडील गावातल्या एका डॉक्टरांच्या गाडीवर ड्रायव्हर होते. अठ्ठावीस वर्षं. त्या काळात डॉक्टरांनी चार गाड्या बदलल्या, बाबा तेच राहिले. स्वतःची गाडी असावी असं ते कधी बोलले नाहीत. पण घरात बसल्या बसल्या रस्त्यावरून जाणारी गाडी कुणाची, तिला काय दुखतंय, कुठल्या मिस्त्रीने ती बिघडवली, हे ते आवाजावरून सांगायचे, आणि ते खरं निघायचं. पुढच्या दिवाळीला ते नोकरीतून मोकळे होणार होते. डॉक्टरांच्या गाडीची किल्ली ते ज्या दिवशी परत करतील त्या दिवशी त्यांच्या हातात त्यांची स्वतःची किल्ली द्यायची, असं मी ठरवलं. नवी गाडी माझ्या आवाक्यात नव्हती. जुनी घ्यायची होती.

आणि भीती एकच होती. जुनी गाडी घेताना माणूस फसतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण मी फसलो असतो तर ते बाबांना गाडी सुरू केल्याबरोबर, पहिल्या दहा सेकंदांत कळलं असतं. ते काही बोलले नसते. 'छान आहे' म्हणाले असते, आणि आपल्या शिकलेल्या मुलाला कुणीतरी बनवलं हे मनात ठेवून उरलेलं आयुष्य ती गाडी पुसत राहिले असते. ते मला चाललं नसतं.

हे मी मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी कान खाजवला.

"म्हंजे गाडी पास कुनी करायची? आरटीओनं का बापानं?"

"बाबांनी."

"मंग अवघड हाय," ते म्हणाले, आणि मला जाणवलं की त्यांना फार आनंद झाला आहे.

तरीही पहिली चूक मी केलीच, तीही त्यांना न विचारता. ऑफिसातल्या एकाच्या ओळखीचे एक साहेब हिंजवडीच्या एका टॉवरमध्ये राहत होते. त्यांची मरून रंगाची गाडी विकायची होती. मी माझ्या धंद्याच्या पद्धतीने तयारी केली. कॉम्प्युटरवर बेचाळीस मुद्द्यांचा तक्ता केला, छापला, आणि रविवारी दुपारी गेलो. साहेबांनी गाडी खाली काढून चालूच ठेवली होती. "एसी लावून ठेवलाय, बसा आरामात." मी एकेक खूण करत गेलो. काचा, दिवे, टायर, कागद. पीयूसी त्याच सकाळची होती, आकडा तर पुस्तकात घालावा असा. बेचाळीसपैकी एकेचाळीस. एक आरसा जरा सैल होता. मी टोकन दिलं, आणि गाडी एक दिवस माझ्या मिस्त्रींना दाखवून आणतो म्हणालो. साहेब हसून बरं म्हणाले.

मला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून ऑफिसातल्या त्या ओळखीच्यालाच चालवायला लावून मी ती भूगावला आणली तेव्हा मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आता न्हाई. ती गरम हाय. झोपू द्या तिला. सकाळी बगू."

सकाळी साडेसहाला त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि मला किल्ली फिरवायला सांगितलं. गाडी सुरू झाली. मागून निळसर पांढरा ढग निघाला आणि खाचरावरून तरंगत गेला. मिनिटाभरात तो थांबलाही. पण फडकं तेवढ्यात भरलं होतं. काळं नव्हे, पिवळट तेलकट.

"ऑइल खाती ही," मिस्त्री म्हणाले. "रातभर वरनं ठिबकतं, सकाळी पहिल्या आचेला जळतं. एकदा गरम झाली की गुमान. म्हनून तर सायबानं आदीच चालू करून ठिवली." मग त्यांनी पीयूसीचा कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "आनि ह्यो आकडा. एवढा चांगला आकडा गाडी बंद असतानाच येतो, सायब."

मी माझा तक्ता पुढे केला. त्यांनी तो खरोखर वाचला, बोट ठेवून, वरपासून खालपर्यंत.

"लई मेहनत घेतली तुमी. ह्यात 'गाडी थंड हुती का' हे कुटं लिवलंय?"

लिहिलेलं नव्हतं.

मी ते फडकं घडी करून खिशात घातलं आणि ऑफिसातल्या त्यालाच घेऊन गाडी परत द्यायला गेलो. साहेब म्हणाले, गाडी कायद्याने पास आहे, इसार परत मिळत नाही. मी खिशातलं फडकं काढून टेबलावर पसरलं आणि म्हणालो, "उद्या सकाळी थंड गाडीला परत नळी घालून बघू या का? मी येतो." साहेबांनी फडक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि टोकन परत दिलं. आयुष्यात एवढ्या मोठ्या फ्लॅटमध्ये उभं राहून मी पहिल्यांदाच कुणाला न घाबरता काही विचारलं होतं. म्हणजे घाबरून, पण विचारलं होतं.

त्या आठवड्यात ऑफिसात एक गोष्ट घडली, ती कबूल करायला हवी. काम संपवायची तारीख जवळ आली की आम्ही काही तपासण्या न करताच 'पास' लिहायचो. सगळेच लिहायचे. मीही महिनाभर लिहीत होतो. बुधवारी यादी समोर आली आणि मला हुकाला लटकलेली ती नळी दिसायला लागली. मी त्यातल्या अकरा तपासण्या परत, खऱ्या केल्या. दोन नापास झाल्या. ऑफिसातले वरिष्ठ रागावले, काम दोन दिवस लांबलं. पुढे काही झालं नाही. मला बढतीही मिळाली नाही आणि शिक्षाही. मिस्त्रींना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "हां." आणि माझ्यापुढे चहाचा कप सरकवला.

त्यानंतरचे रविवार माझ्या आठवणीतले सर्वांत सुखाचे रविवार आहेत. मिस्त्रींच्या स्कूटरवर मागे बसून आम्ही गाड्या बघत हिंडायचो. पिरंगुट, हिंजवडी, एकदा तर पार धरणाच्या पलीकडे. आम्ही येतोय हे मालकाला आधी कळवायचं नाही, आणि पोचल्यावर आधी गाडी बघायची नाही. मिस्त्री मालकाला विचारायचे, "गाडी झोपती कुटं?" ती जागा दाखवली की खाली बसून फरशीवरचे तेलाचे डाग बघायचे. मग ब्रेकच्या पायडलचं रबर. मीटर कमी किलोमीटर सांगत असेल आणि रबर गुळगुळीत झालेलं असेल, तर ते रबरावर विश्वास ठेवायचे. धूर गाळणारा डबा असलेली गाडी असेल तर खाली वाकून त्यावर पान्ह्याची मूठ वाजवायचे. "आतली जाळी काढून इकलीय. पोकळ वाजतंय." मालक चकित व्हायचा, किंवा तसं दाखवायचा.

हिंजवडीच्या एका सोसायटीत तर त्यांनी गाडीच्या आधी वॉचमनलाच गाठलं.

"गाडी चांगली हाय का रं ही?"

"एकदम चांगली," वॉचमन म्हणाला. "रोज सकाळी मीच धक्का मारतो. हलकी आहे."

आम्ही वर न जाताच परतलो. मिस्त्री चांदणी चौकापर्यंत हसत होते. स्कूटर डगमगत होती.

गणपती गेले, दसरा आला, आणि गाडी मिळाली नव्हती. मी कुठलीही घ्यायला तयार झालो होतो. मिस्त्री नव्हते. अशात एका संध्याकाळी त्यांचा पुतण्या आला. जीप दूर उभी केली आणि चालत आला.

"काका, पौडात एक बाई हायेत. शाळंत शिकवायच्या. गाडी इकायची म्हनत्यात. तिघांना हाकलून दिलंय त्यांनी. लई भांडकुदळ हायेत." तो जरा थांबला. "म्हटलं, तुमचं जमंल."

"आनि तुजी जीप?"

"ती पन आनलीय," पुतण्या खाली बघत म्हणाला. "ठेवतो दोन दिस."

पौडच्या एसटी स्टँडमागे बाईंचं घर होतं. गाडी पत्र्याच्या पडवीत, पांढरी, पण उन्हाने ताकासारखी झालेली, डाव्या दाराला पोचा. मिस्त्रींनी खाली बसून जमीन बघितली. कोरडी. बॉनेटला हात लावला. थंड. मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती.

"तिला उठवायचं नाही," बाई म्हणाल्या. "अजून चार दिवस आहेत. गाडी कुणासाठी पाहिजे? तुमच्यासाठी की विकायला?"

"वडिलांसाठी," मी म्हणालो.

"चालवता येते त्यांना?"

"अठ्ठावीस वर्षं."

"तुम्हाला?"

"शिकतोय."

"मग तुम्ही कमी बोला. तुमचे हे कोण?"

"मी मिस्त्री हाय, बाई. मी पन कमीच बोलतो. कागद दावा."

बाईंनी एक फाइल आणली. शाळेच्या हजेरीसारखी नीट लावलेली. दर सहा महिन्यांची पीयूसी, गाडी घेतल्यापासून. मिस्त्री एकेक कागद उलटत गेले, आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. हळूच त्यांनी माझा दंड धरला.

"बगा. दर येळंला आकडा वायला. कवा कमी, कवा जास्त. आन् जसजसं वय वाढतंय तसा जरा जरा चढतोय. मानसासारखा." मग ते एका कागदावर थांबले. त्यावर नापास असा शिक्का होता, आणि त्याला टाचणीने जोडलेला आठ दिवसांनंतरचा पास झाल्याचा दाखला.

"हा का ठिवला, बाई?"

"नापास झाली होती म्हणून ठेवला," बाई म्हणाल्या. "मुलांचेही ठेवायचो आम्ही. पास झालेला कागद कुणीही ठेवतं."

मिस्त्रींनी तो कागद जपून परत फाइलीत लावला. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "सायब, एवढ्या वर्षांत कुनी मला नापासाचा कागद दावला न्हवता. गाडी घ्या. दार ठोकून काढता येतंय."

कोंबडीची चार दिवसांची मुदत आम्ही पाळली.

दिवाळीला दोन आठवडे उरले होते. मिस्त्रींनी कार्बोरेटर खोलला, इंजिनातल्या झडपांचं अंतर मोजून टॅपेट लावले, प्लग बदलले. पुतण्याची जीप शेजारी खोललेली, आणि दोघे काका-पुतणे एकमेकांशी न बोलता एकमेकांना पान्हे देत होते. शेवटच्या सकाळी मिस्त्रींनी थंड गाडीला दुसरं फडकं धरलं. मी बघितलं. बरंच स्वच्छ होतं, पण मधोमध एक फिकट करडा डाग होताच.

"अजून थोडं..." मी म्हणालो.

"न्हाई जाणार. वय झालंय तिचं. स्क्रू पिळला तर आज जाईल, पर उद्या चढाला रडंल." त्यांनी दोन्ही फडकी घडी करून गाडीच्या पुढच्या खणात ठेवली. "बापाला आदी हे दावा. मंग किल्ली द्या. लपवून पास झाली तर ती पीयूसीपुरतीच."

मी मान डोलावली, पण खण उघडून तो डाग परत एकदा बघितला. बाबांचा कान, आणि वर हा डाग.

"आन् ते काय म्हनले ते मला लिवून कळवा," मिस्त्री म्हणाले. "फोनवर नगं, फोनवर लोक गोड बोलत्यात. आयुष्यभर खोटे कागद बगत आलोय. एक तरी कागद खरा येऊ दे."

गाडी पुतण्याने चालवत गावापर्यंत आणून दिली. मी शेजारी बसलो होतो आणि वाटेत कुठल्याही चढाला ती रडली नाही. भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी मी हे पत्र पाठवलं. त्याची कच्ची प्रत माझ्याकडे राहिली, ती जशीच्या तशी देतो.

ती. स्व. मिस्त्रीकाका आणि सौ. काकूंना साष्टांग नमस्कार.

पत्र लिहायला चार दिवस उशीर झाला, कारण पीयूसीचा कागद हातात आल्याशिवाय निकाल पुरा होत नव्हता. आम्ही संध्याकाळी पोचलो तेव्हा ते नुकतेच डॉक्टरांना किल्ली देऊन आले होते आणि ओट्यावर बसले होते. मी म्हणालो, बाबा, ही तुमची. त्यांनी गाडीकडे बघितलं आणि म्हणाले, बंद कर. आता गरम आहे, सकाळी बघू. काका, मला हसावं की रडावं कळेना. तुमचे पुतणे तर गाडीला टेकून हसतच होते.

सकाळी ते माझ्या आधी उठले होते. गाडीखालची जमीन बघून झाली होती. मी तुम्ही सांगितल्याप्रमाणे आधी दोन्ही फडकी दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली. नंतर किल्ली घेतली, सुरू केली आणि डोळे मिटले. मी मनात साठ मोजले. मग त्यांनी विचारलं, "टॅपेट कुणी लावलेत?" मी म्हणालो, आमच्या मिस्त्रीकाकांनी. ते म्हणाले, "घाई करत नाही हा माणूस." बस. आमच्या घरात याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही. मला दहावीला मिळाली होती ती याहून लहान होती.

त्यांनी तुमच्यासाठी एक तक्रारही सांगितली आहे. तिसऱ्या प्लगची वायर किंचित आखूड आहे, ती चढाला ताणते. तुम्हाला राग येणार नाही असं म्हणाले.

डागाबद्दल म्हणाले, "गाडीबरोबर तिची खोड सांगणारा मिस्त्री मी पहिल्यांदा बघतोय." दोन्ही फडकी त्यांनी स्वतःच्या पेटीत ठेवली आहेत.

पहिली फेरी डॉक्टरांच्या घरी झाली. आई पुढे बसली. डॉक्टरसाहेब बाहेर आले, बाबा म्हणाले, बसा साहेब, आज माझ्या गाडीत. आईने उठायला हवं होतं बहुतेक, पण ती उठली नाही. मग डॉक्टर मागे बसले. ते तसे नेहमी मागेच बसतात. आम्ही तलावापर्यंत जाऊन आलो. बाबांनी सगळीकडे हॉर्न वाजवला, जिथे गरज नव्हती तिथेही.

काल पीयूसी काढायला गेलो. तिथला माणूस बाबांना ओळखतो. म्हणाला, तुमच्या गाडीला कशाला नळी, छापून देतो. बाबा म्हणाले, घाल. त्याने घातली. पास झाली. आकडा फार चांगला नाही. कागद सोबत जोडला आहे. खरा आहे.

बाबांचं एक जुनं धोतर पार्सलने पाठवतो आहे. काकूंच्या पातळांना आता हात लावू नका.

आपला,
वरच्या खोलीतला